टोनआर्म : रेकॉर्ड संपत आली की आवाज फाटतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वडिलांचं ऐंशीच्या दशकातलं जपानी टर्नटेबल बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढलं. मोटर ठणठणीत, पिन मात्र गेलेली. म्हणून ऑर्टोफॉनची टूएम रेड कार्ट्रिज (पिन धरणारी आणि तिच्या थरथरीचा विद्युत संकेत करणारी डबी) आणली आणि एका दुकानातून बसवून घेतली.

सुरुवातीची दहा-बारा मिनिटं आवाज इतका सुंदर की तानपुऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते. पण पिन लेबलकडे सरकू लागली की बिघडतं. 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येतात, तार सप्तकातली तान चिरकते. आणि ख्यालाच्या रेकॉर्डचं दुखणं असं की द्रुत, तराणा, ज्याच्यासाठी आपण वीस मिनिटं वाट बघतो ते सगळं नेमकं तिथेच.

रेकॉर्ड खराब म्हणावी तर सात-आठ रेकॉर्डींवर हेच. त्रास उजव्या स्पीकरमध्ये जास्त. ॲम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल केल्या तर त्रास डावीकडे गेला, म्हणजे स्पीकर निर्दोष. पिनेचा दाब शेजारच्या सराफाच्या काट्यावर मोजला. (आधी भलताच आकडा आला, मग कळलं की काट्याचं पोलादी ताट कार्ट्रिजमधलं चुंबक ओढतंय. मध्ये जाड पुठ्ठा ठेवून ताट लांब केलं.) १.८ ग्रॅम, कंपनी सांगते तेवढाच.

मित्र म्हणतो टोनआर्म (कार्ट्रिज धरून रेकॉर्डवर फिरणारा हात) म्हणजे नुसता दांडा, आवाज कार्ट्रिजचा. खरं आहे का? की आता टोनआर्मच बदलावा लागेल? त्या खर्चात चाळीस रेकॉर्डी येतील हो.

प्रतिसाद

काही बदलू नका. स्क्रू ड्रायव्हर आणि मिलिमीटरची पट्टी काढा.

मूळ रेकॉर्ड कोरणारी सुई सरळ रेषेत मध्याकडे जाते. आपला टोनआर्म एका खुंटीभोवती फिरतो, म्हणजे पिन कमानीत जाते. त्यामुळे पिन आणि खाच यांचा कोन अख्ख्या रेकॉर्डवर फक्त दोन जागी बिनचूक जुळतो, बाकी सगळीकडे थोडी तडजोड. ती कमीत कमी कशी ठेवायची याचं गणित स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी १९३८ मध्येच मांडून ठेवलंय. हेडशेल (टोनआर्मचं टोक, जिथे कार्ट्रिज बसते) तिरकं असतं आणि पिन मधल्या खिळ्याच्या थोडी पुढे जाते, ते याचसाठी. तुमचा मित्र म्हणतो तो 'नुसता दांडा' हा कोन सांभाळत असतो.

आता लेबलजवळच का? मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खाच सरकते, आत जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला. बाहेर खपून जाणारी चूक तिथे उघडी पडते.

टोनआर्म मध्यावर आणा आणि पिन खिळ्याच्या किती पुढे जाते ते मोजा. मॅन्युअलमध्ये आकडा असेल.

प्रतिसाद

उजवीकडे जास्त म्हणजे अँटीस्केटिंग (टोनआर्मला किंचित बाहेर ओढणारी सोय) शून्यावर आहे का बघा. घर्षणामुळे टोनआर्म आतल्या बाजूला ओढला जातो, पिन आतल्या भिंतीला रेलते आणि बाहेरची भिंत सुटते. उजवा चॅनल त्या बाहेरच्या भिंतीत असतो.

आमचे काका पिन उडाली की हेडशेलवर चार आण्याचं नाणं ठेवायचे. त्यांच्या रेकॉर्डी आज ऐकवत नाहीत. तेवढं करू नका!

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मॅन्युअलात १५ मिमी, माझं भरलं ११! दुकानदाराने कार्ट्रिज हेडशेलच्या खोबणीत पार मागे ढकलून आवळली होती. कागदावर त्रिकोण मांडून पाहिला : टोनआर्म २३० मिमीचा, हेडशेलचा तिरका कोन २२ अंश. या ४ मिमीमुळे बाहेरच्या कडेला चूक दीड अंशाच्या आत, लेबलजवळ मात्र चारच्या आसपास. म्हणजे मला ऐकू येत होतं तेच.

अँटीस्केटिंगही शून्यावरच होतं, ते १.८ केलं. स्क्रू ढिले करून कार्ट्रिज पुढे घेतली (एक स्क्रू सोफ्याखाली गेला, अर्धा तास तो शोधण्यात), मग टोनआर्म पुन्हा तरंगता (दाबाशिवाय आडवा तोललेला) करून दाब लावला, कारण कार्ट्रिज हलली की वजनाचा तोलही बदलतो.

काल रात्री तराणा लावला. उजवीकडची चिरक गेली. अगदी शेवटच्या मिनिटात 'स' अजून किंचित टोचतो. तो या पिनेच्या आकारामुळे असेल का? बारीक टोकाची पिन वापरणाऱ्यांनी सांगावं, फरक पैसे टाकण्याइतका पडतो का?