गोव्यात नोकरी, घर दोडामार्गात, मग टॅक्स कुठला?

दोडामार्गकर:
नमस्कार मंडळी, आधी कुडाळ एमआयडीसीत होतो तेव्हा महिन्याला २०० रुपये पीटी (प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर) कापायचे, फेब्रुवारीत ३००. आता गोव्यात पिळर्णला लागलोय, रोज बाईकने येऊन-जाऊन, आणि सॅलरी स्लिपवर पीटी दिसतच नाही. इथले गोंयकार सांगतात की आमचा इन्कम टॅक्सच वेगळा, नवरा-बायकोत अर्धा अर्धा करून भरतो. मला करता येईल का तसं? बायको घरीच असते, सावंतवाडीत माझ्या नावावरच्या गाळ्याचं भाडं येतं.

कणकवलीचा अकाउंटंट:
दादा, दोन वेगळे टॅक्स आहेत हे. इन्कम टॅक्स केंद्राचा, स्लॅब दोडामार्गात तोच पणजीत. राज्याला पगारावर इन्कम टॅक्स लावताच येत नाही, शेतीच्या उत्पन्नाचा विषय तेवढा घटनेने राज्यांकडे दिलाय. पीटी मात्र राज्याचा, लावायचा की नाही ते राज्य ठरवतं, आणि वर्षाला २५०० च्या वर नेता येत नाही. गोवा लावतच नाही. तुमची नोकरी तिकडे आहे, त्यामुळे आधार कार्ड दोडामार्गचं असलं तरी कापणार नाहीत, निर्धास्त रहा.

म्हापशाची सून:
अर्ध्या-अर्ध्याचं खरं आहे पण अर्धवट सांगितलंय तुम्हाला. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात, म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात सेक्शन ५ए घातलं. भाडं, व्याज, धंद्याचा नफा, जमीन विकून आलेला फायदा हे दोघांत समान वाटून दोघं आपापलं रिटर्न भरतात, त्याला रिटर्नमध्ये वेगळं शेड्यूल (तक्ता) असतं आणि साधा आयटीआर-१ फॉर्म चालत नाही. पगार मात्र वाटला जात नाही, ज्याचा त्यालाच. आणि हे त्या कोडखाली येणाऱ्या जोडप्यांनाच, नुसती गोव्यात नोकरी आहे म्हणून लागू होत नाही हो.

मालवण होमस्टे:
माका पण पीटीबद्दल बोलायचा आसा. आमच्यासारख्या धंदेवाल्यांना वर्षाचे २५०० एकदम भरावे लागतात, सीझन बुडाला तरी. पण मी रडत नाही, कारण महाराष्ट्रात हा टॅक्स १९७५ ला आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला, आणि दुष्काळी भागातल्या माणसाच्या हाताला काम मिळतं ही मोठी गोष्ट आहे. माझा राग वेगळ्यावर आहे. महिन्याला साडेदहा हजार मिळवणारा पोरगा आणि दोन लाखवाला साहेब, दोघांचे २५००च! बायकांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफ केला ते चांगलंच झालं, मग कमी पगाराच्या पुरुषांनाही तशी सूट हवी. वरची मर्यादा १९८८ ची आहे, ती वाढवायची तर घटनादुरुस्ती लागेल, पण खालची सूट राज्याच्याच हातात आहे ना.

दोडामार्गकर:
वैनी, खूप आभार. मग गाळा बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करून दिला तर भाडं तिच्या रिटर्नमध्ये दाखवता येईल ना?

कणकवलीचा अकाउंटंट:
नाही. बायकोला फुकट दिलेल्या गाळ्याचं भाडं तुमच्याच उत्पन्नात धरतात, बक्षीसपत्राचा खर्च मात्र होईल. आधी एकूण उत्पन्न मोजा, नव्या टॅक्स रेजिममध्ये (नवी करपद्धत) २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी १२ लाखांपर्यंत पगार-भाड्यासारख्या साध्या उत्पन्नावर रिबेटमुळे (करातल्या सवलतीमुळे) टॅक्स शून्य येतो, पगार आणि भाडं मिळून त्याच्या आत असाल तर हा सगळा खटाटोपच नको.