पदवीच्या विद्यार्थिनीला पहिले काम कोणते द्यावे?

प्रश्न: भ्रूणविकास आणि उत्क्रांतीच्या जनुकशास्त्रात रस असलेली दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली आहे, तिला थेट संगणकीय विश्लेषणाला बसवावे का?

उत्तर १: आधी भ्रूण दाखवा. झेब्राफिशचे अंडे पारदर्शक असते आणि साधारण २४ तासांत त्यात डोळे, शेपूट व धडधडणारे हृदय दिसू लागते. ते स्वतः पाहिले की संगणकाच्या पडद्यावरची डीएनएची अक्षरे परकी वाटत नाहीत.

उत्तर २: सहमत आहे, पण प्रश्न लहान ठेवा. भ्रूणात शरीराचा कोणता भाग कुठे घडेल हे ठरवणारी हॉक्स जनुके फळमाशीत ८ आहेत, माणसात ३९. त्यांतले एकच घेऊन चार प्राण्यांतील त्याच्या डीएनए-अक्षरांचे क्रम तिला हाताने एकमेकांशी जुळवू द्या. चुकलेली जुळणी मात्र वहीतून खोडू देऊ नका, माझे विद्यार्थी त्यातूनच सर्वाधिक शिकले.

प्रश्नकर्ती: आभार. उद्याच सूक्ष्मदर्शक तिच्यासाठी मोकळा ठेवते.