ड्रेस्डेनच्या कपाटातील बरोक वाद्यवृंद-संगीत

प्रश्न: ड्रेस्डेन या जर्मन शहराच्या दरबारातील योहान डाव्हिड हायनिखेनसारख्या बरोक काळातील (सुमारे 1600 ते 1750) रचनाकारांचे वाद्यवृंद-संगीत इतकी वर्षे अज्ञात कसे राहिले, आणि केवळ हस्तलिखितांवरून त्याचे ध्वनिमुद्रण नेमके कसे उभे राहते?

प्रतिसाद १: पुष्कळदा कारण अगदी साधे असते: ते संगीत छापलेच गेले नव्हते. ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक पिझेंडेल 1755 मध्ये वारले आणि त्यांचा संग्रह, ज्यात अशीच हस्तलिखिते होती, अभिरुची बदलल्यामुळे, कपाटात बंद झाला. हायनिखेनचे कॉन्चेर्तो (एकल वाद्ये आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) श्रोत्यांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचले ते 1990च्या दशकाच्या सुरुवातीला, राइनहार्ड ग्योबेल यांच्या मुझिका अंतिक्वा क्योल्न या वादकसमूहाने केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे. आता ही हस्तलिखिते ड्रेस्डेनच्या ग्रंथालयाने संगणकावर खुली केली आहेत.

प्रतिसाद २: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अनेकदा संपूर्ण स्वरलेखन नसते, प्रत्येक वाद्याची सुटी पाने तेवढी असतात. ती जुळवून, नकलाकारांच्या चुका सुधारून आणि बास (सर्वांत खालच्या स्वरांच्या) ओळीवरचे, कोणते स्वरमेळ वाजवायचे ते सांगणारे आकडे तपासून संपादकाला संपूर्ण प्रत तयार करावी लागते. एखादे पान हरवले असेल तर ती ओळ रचावी की मोकळी सोडावी, यावर संपादकांत मतभेद असतात. माझ्या मते ती रचावी, पण तसे स्पष्ट नोंदवावे. वादनाच्या वेळी प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेल्या तारा आणि बहुधा 415 हर्ट्झचा, आजच्यापेक्षा खालचा सूर वापरतात, मात्र हे 415 आजच्या सोयीचे आहे, त्या काळी गावागणिक सूर बदलत असे.

प्रतिसाद ३: डार्मश्टाट या जर्मन शहराच्या दरबारातील त्याच काळातील रचनाकार ग्राउप्नरचेही ऐकावे. त्याच्या हस्तलिखितांच्या मालकीवरून वारस आणि दरबार यांच्यात वाद झाला, पण त्यामुळेच संग्रह एकत्र टिकला. त्याच्या शंभराहून अधिक सिंफनींपैकी पुष्कळ अजून ध्वनिमुद्रणाविना आहेत.