विषय: ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन जॉर्डन

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सप्टेंबरमध्ये पुण्याहून येतायत. शाळेच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत त्यांना घेऊन जॉर्डनला जायचं म्हणतोय. बाबा सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी. राजधानी अम्मानला मुक्काम ठेवून पेट्रा, म्हणजे ते खडकात कोरलेलं प्राचीन शहर, एका दिवसात उरकावं असं एजंट म्हणतोय. जमेल का? आणि खाण्यापिण्याचं काय? कोणी जाऊन आलं असेल तर जरूर लिहा.

मेघना, फ्रँकफर्ट

---

मेघना,

सगळ्यात आधी आई-बाबांचे पासपोर्ट काढ आणि शेंगेन व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात काय छापलंय ते बघ. ‘01’ असेल तर एकदा बाहेर पडल्यावर त्या व्हिसावर त्यांना जर्मनीत परत येता येणार नाही. ‘मल्ट’ (म्हणजे अनेकदा प्रवेश) असेल तरच तिकिटं काढ. त्यानंतर जॉर्डनचा व्हिसा. तुमचे पासपोर्ट जर्मन, त्यांचे भारतीय. दोघांना एकच नियम असेल असं धरून चालू नकोस. बर्लिनच्या जॉर्डन दूतावासाकडून ईमेलवर उत्तर मागवून घे.

जॉर्डन पास, म्हणजे तिथल्या स्थळांचं एकत्रित तिकीट, निघायच्या आधी इथूनच ऑनलाइन घ्या. पेट्रासाठी 1, 2 किंवा 3 दिवस घेतले तर अनुक्रमे 70, 75 किंवा 80 दिनार. एक दिनार म्हणजे साधारण सव्वा युरो. ज्यांना तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो त्यांची 40 दिनार फी या पासवर माफ होते, मात्र देशात किमान 3 रात्री राहायला हव्यात. जेराशचे रोमन अवशेष आणि अम्मानचा किल्लाही त्यातच येतो.

आता पेट्रा. एका दिवसाचा बेत मला अजिबात पटलेला नाही. अम्मानहून जायला तीन तास, यायला तीन तास, आणि मध्ये भर उन्हात चालणं. दुसरा दिवस फक्त 5 दिनारांनी महाग पडतो, तेव्हा शेजारच्या वादी मूसा गावात दोन रात्री राहा. प्रवेशद्वारापासून ‘खजिना’ म्हणतात त्या कड्यात कोरलेल्या वास्तूपर्यंत सुमारे 2 किलोमीटर अंतर आहे, त्यातला 1.2 किलोमीटर सीक नावाच्या अरुंद घळीतून. जाताना उतार असल्यामुळे काही वाटत नाही, येताना तोच चढ गुडघ्यांवर येतो. आईसाठी बॅटरीवरच्या गाड्या आहेत, त्यांचे पैसे पासात नाहीत. जाता-येता दोन्ही वेळा घ्या. वरच्या मठाला सुमारे 800 पायऱ्या आहेत, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आणि मुलं जा. कोणी कितीही आग्रह केला तरी आईला गाढवावरून त्या पायऱ्या चढवू नका. दगड झिजून गुळगुळीत झालेत, आणि त्या मुक्या जनावरांचे हाल बघवत नाहीत.

बाबा पाटबंधारे खात्यात होते ना? त्यांना सीकमध्ये सावकाश चालू दे. एका भिंतीत कोरलेला पाट आहे आणि दुसऱ्या बाजूला मातीच्या नळांची ओळ. दोन हजार वर्षांपूर्वी पेट्रात राहणाऱ्या नबातियन लोकांनी झऱ्यांचं पाणी असं शहरात खेळवलं. सीकच्या तोंडाशी बांध घालून पुराचं पाणी बोगद्यातून बाजूला वळवलेलं आहे. खजिन्याचे फोटो सगळेच काढतात, हे बघायला फारसं कोणी थांबत नाही. 1963 साली याच घळीत अचानक आलेल्या लोंढ्यात वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक गेले. पावसाचा इशारा असेल आणि पहारेकऱ्यांनी परत फिरायला सांगितलं, तर हुज्जत घालू नका.

खाण्याची काळजी सोड. फलाफल, हुमूस, फूल (बाकल्याच्या दाण्यांचं), मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं), झातर हा मसाला लावलेली मनाकीश रोटी कुठेही मिळते. गलायत बंदोरा जरूर मागवा: टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची ऑलिव्ह तेलात आटेपर्यंत परततात आणि तव्यासकट समोर आणतात. खुब्ज म्हणजे तिथल्या रोटीबरोबर खायचं. आईला आपल्या टोमॅटोच्या भाजीसारखंच लागेल. मसुराचं सूप मात्र कधीकधी मांसाच्या पाण्यात करतात, म्हणून ‘बिदून लहम, बिदून दजाज’ असं आधीच सांगायचं, म्हणजे मटण नको, चिकन नको.

अंजली, स्टुटगार्ट

---

मेघनाताई,

अंजलीताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय, थोडी भर घालतो. पेट्राला जाताना डेझर्ट हायवे घ्या. किंग्ज हायवे फार देखणा आहे, पण वळणांचा. गाडी लागणाऱ्यांना त्रास होईल. वादी रमच्या वाळवंटात तंबूत राहणार असाल तर प्रत्येक तंबूला स्वतःचं बाथरूम आहे का, हे आधी विचारा. रात्री आईंना वाळूतून चालत जायला नको. ऑक्टोबरमध्येही रात्री गारठा असतो, शाल-स्वेटर हवाच.

मृत समुद्रात उतरायच्या आदल्या दिवशी दाढी करायची नाही, जखम असेल तर उतरायचंच नाही. काठावर मिठाचे खडे टोचतात, चपला घालूनच जा. गुडघाभर पाण्यात गेलं की मागे टेकून अलगद बसायचं, पाणीच उचलून धरतं. पालथं होऊ नका. गोड्या पाण्याची बाटली काठावर कोणाच्या तरी हातात असू द्या, डोळ्यांत थेंब गेला तर लगेच लागते. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

शुक्रवारी सकाळी अम्मानमधली बरीच दुकानं बंद असतात. बाजार त्या दिवशी ठेवू नका.

निखिल, म्युनिक

---

अंजलीताई, निखिल, मनापासून आभार.

दोघांच्याही व्हिसावर ‘मल्ट’ आहे. दूतावासाला आत्ताच लिहिलं. वादी मूसाला दोन रात्री नक्की केल्या, एजंटला नाही म्हणून कळवलं. बाबा कालपासून त्या पाटांचे नकाशे शोधत बसलेत.

अम्मान ते वादी मूसा आम्ही ड्रायव्हरसकट मोठी गाडी घेतोय, त्यात दोन जागा रिकाम्या आहेत. त्याच आठवड्यात कोणी जाणार असेल तर रविवारपर्यंत कळवा.

मेघना