चेंबर नुसतं दिसायला सारखं असून भागत नाही

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की राजदूत ३५० ला (म्हणजे आपली यामाहा आरडी) यामाहाच्याच टीझेड ३५० या रेसिंग बाईकचं चेंबर, म्हणजे टू-स्ट्रोकचा मधे फुगीर एक्झॉस्ट पाइप, लावलं की झालं, बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल) तर दोन्हींचा ६४ बाय ५४ एमएमच आहे. माप बरोबर, पण पुढचं पटत नाही. आरडीला रीड व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवेचं मिक्स्चर फक्त आत जाऊ देणाऱ्या पट्ट्या) आहेत, त्या काळच्या टीझेडला नाहीत. शिवाय टीझेडला पाण्याचं कूलिंग आणि पोर्ट टायमिंगही, म्हणजे सिलिंडरची भोकं कधी उघडतात-मिटतात तेही, वेगळं. चेंबरची लांबी आरपीएमवर ठरते: शेवटच्या निमुळत्या कोनवरून परतणारी दाबाची लाट एक्झॉस्ट पोर्ट बंद व्हायच्या आत पोचायला हवी, म्हणजे बाहेर निसटलेलं मिक्स्चर ती परत आत ढकलते. दहा हजार आरपीएमसाठी कापलेली लांबी ठाण्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये काय कामाची? तिथे दुसरा गिअर पडला तरी नशीब.

मी वागळे इस्टेटमध्ये एका फॅब्रिकेटरकडून चेंबरची जोडी करून घेतली होती. कोन आधी कार्डशीटवर उलगडून कापले, मग एक एमएमच्या सीआरसी (कोल्ड रोल्ड) पोलादी पत्र्यावर. रोलिंग, वेल्डिंग झकास. माती मीच खाल्ली. आवाज कडक यावा म्हणून मागची नळी, म्हणजे स्टिंगर, मापापेक्षा बारीक लावायला सांगितली. वाफ कोंडल्यासारखी उष्णता आतच राहिली आणि माजिवड्याच्या पुलावर डावा पिस्टन गेला. मधोमध भोक, करंगळी जाईल एवढं. तेव्हा चेंबरची रेप्लिका कुठूनही घ्या, पण आधी व्हर्निअरने स्टिंगरचा आतला व्यास मोजा. फोटोत तो दिसत नाही.