बालचंदर: बंडखोर की नुसतेच भांडखोर?

मैलापूरकर
चेन्नईत चार वर्षं वीणा शिकतोय. आमच्या मामींसमोर (इथे शिकवणाऱ्या बाईंना मामीच म्हणायचं) वीणावादक एस. बालचंदर यांचं नाव काढलं, की त्या खोबरेलाची वाटी पुढे सरकवतात. बोटं बुडव आणि वाजव. विषय संपला.

माणूस अफाट होता, वाद नाही. जन्म १९२७. आपल्या प्रभातने १९३४ साली तमिळमध्ये 'सीता कल्याणम्' काढला, त्यात थोरला भाऊ राम, सख्खी बहीण सीता (!) आणि हे चिरंजीव छोट्याशा भूमिकेत. १९५४ साली त्यांनी 'अंद नाळ' दिग्दर्शित केला, तोही एकही गाणं न घालता. वीणा कोणाकडे शिकले? कोणाकडेच नाही. १९८२ साली पद्मभूषण.

आणि एवढं सगळं असून शेवटचा काळ गेला कशात, तर भांडणांत. गायक बालमुरलीकृष्णांच्या नव्या रागांवर तुटून पडले. मग 'त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ हे रचनाकार नव्हतेच' हा झेंडा हाती घेतला आणि सेम्मंगुडींसारख्या बुजुर्ग गायकांना अंगावर घेतलं. १९९० साली भिलाईत वारले. ती वर्षं वीणेला द्यायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत.

तिरकी तान
साफ असहमत. तुम्हाला वादन हवंय, स्वभाव नकोय. असं वेगवेगळं मिळत नाही हो.

वीणेवर चोवीस पडदे. साधा वादक स्वर बदलला की पडदा बदलतो, आणि ते योग्यच. बालचंदर एका पडद्यावर बोट रोवून तार बाजूला ओढत जायचे आणि पुढचे स्वर तिथूनच काढायचे, गळ्यातून निघाल्यासारखे. गुरू असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, अरे, तार तुटेल! कोणी म्हणालं नाही म्हणून हे जमलं. ज्याने वाद्याच्या बाबतीत कोणाचं ऐकलं नाही, तो इतिहासाच्या बाबतीत गप्प बसेल?

मैलापूरकर
तार ओढणं मलाही माहितीय. तर्जनीला घळ पडलीये, मोबाइलचा ठसा लागत नाही. पण तार ओढायला कान लागतो, आणि एखाद्या राजाचं कर्तृत्व खोडून काढायला कागदपत्रं लागतात. दोन्हींना एकच धाडस पुरत नाही.

कावेरीकाठ
आम्ही तंजावरचे मराठी, म्हणून मध्ये पडते. स्वाती तिरुनाळ (१८१३–१८४६) यांच्या दरबारात आमच्याकडचे मेरुस्वामी होते, कीर्तनकार. राजाला इंग्रजी शिकवणारे सुब्बराव तंजावरचेच. नृत्य-संगीतातले वडिवेलू आणि त्यांचे भाऊही तिथे होते. एवढी मंडळी भोवती असताना कोणती चाल कोणाची, हा प्रश्न रास्तच आहे. पुष्कळशा रचनांच्या चाली विसाव्या शतकात नव्याने बांधल्या गेल्या, हे तर कोणी लपवतही नाही. पण 'चाल नंतरची' म्हणणं वेगळं आणि 'रचनाकारच खोटा' म्हणणं वेगळं. बालचंदर पहिल्यावर थांबले असते, तर आज लोक त्यांचं नाव आदराने घेत असते.

तिरकी तान
ताई, हे मान्य. पण त्यांनी आरडाओरडा केला नसता, तर पहिला प्रश्न तरी कोणी विचारला असता का?

जुना श्रोता
तुम्ही दोघंही बालचंदर म्हणजेच वीणा धरून चाललाय. त्यांच्या आधी वीणा धनम्माळ होऊन गेल्या (१८६७–१९३८). मद्रासच्या जॉर्ज टाउनमध्ये राहत्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी वाजवायच्या. माइक नाही, नखीसुद्धा नाही, नुसती बोटं. शेजारच्याने कूस बदलली तरी स्वर हुकायचा, म्हणून माणसं श्वास धरून बसत. आपले अब्दुल करीम खाँसाहेबही तिथे ऐकून गेलेत. नर्तकी बालासरस्वती आणि गायिका बृंदा, मुक्ता या तिघी त्यांच्या नाती. एका घरातून केवढं संगीत बाहेर पडलं ते बघा. तार ओढून टाळ्या घेणं मला करामत वाटते. चिट्टी बाबूंनी वीणेवर कोकिळा काढली, तीही करामतच. गोड, पण करामत.

तिरकी तान
काका, धनम्माळना तुम्ही ऐकलंय?

जुना श्रोता
जुन्या तबकड्यांवर. खरखर आणि मागे वीणा. तरी सांगतो.

मिरजकर
आमच्याकडे सतार-तंबोऱ्यांचं काम, म्हणून एक भाबडी शंका. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला, सरकवता येतो. वीणेचे पडदे मेणात बसवतात म्हणे. मग एवढी तार ओढल्यावर पडदा हलत नाही?

मैलापूरकर
हलतो ना. उन्हाळ्यात तर मेणच मऊ पडतं आणि स्वर सरकतो. मग कारागिराला बोलवायचं, तो सगळं मेण काढून पडदे पुन्हा कानाने बसवून देतो. आमच्या मामींची वीणा फणसाच्या लाकडाची, त्यांच्या आईची. गेल्या मे महिन्यात कारागीर मधल्या पडद्यांवरच्या चऱ्या बघून म्हणाला, इथे फार ओढलंय कोणीतरी.

मी तर अजून तेवढं ओढत नाही. मामींकडे बघितलं, त्या कॉफी करायला आत गेल्या.