सांत्वनाचं पत्र लिहायचंय, शब्द सापडत नाहीत

गोदाकाठ:
माझ्या मावसबहिणीचे यजमान गेले. मुलगी बारावीला आहे. परवा नाशिकला रामकुंडावर दशक्रिया झाली. जो तो तिला सांगत होता, "आता तूच आईचा आधार, रडायचं नाही." पोरीनं खरंच टिपूस काढलं नाही. मला तिला हातानं पत्र लिहायचंय, पण तीनदा कागद फाडला. मोठ्या नेत्यांनी अशी पत्रं कशी लिहिली?

पंचवटीकर:
आपल्या भगूरच्या सावरकरांचं 'सांत्वन' वाचा. १९०९ मध्ये त्यांच्या थोरल्या भावाला, बाबारावांना, काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा लंडनहून बाबारावांच्या पत्नी येसूवहिनींना धाडलेलं पद्यपत्र. देवाला वाहिलेल्या फुलाचा दाखला आहे त्यात.

जुना टपालवाला:
ती कविता थोरच. पण वहिनींनी दिराला आईसारखं वाढवलं होतं, घरानं घेतलेलं स्वातंत्र्याचं व्रत त्यांनाही ठाऊक होतं. या पोरीला त्यागाचं काही सांगू नका, ताई. तिचे बाबा व्रत म्हणून गेले नाहीत.

तिच्यासाठी लिंकनचं पत्र बघा, २३ डिसेंबर १८६२ चं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. वकिलीच्या दिवसांतला एक स्नेही लढाईत पडला, त्याच्या मुलीला, फॅनीला, राष्ट्राध्यक्षांनी लिहिलं. 'रडू नको' कुठेही नाही. दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतं, पण तरुणांना ते बेसावध गाठतं म्हणून जास्त जाळतं, असं लिहिलंय. आत्ता तुला पटणार नाही, पण पुन्हा बरं वाटेल, हे मी अनुभवानं सांगतो, असंही. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली गेला होता. पत्रात त्याचं नावही नाही.

मी एकतीस वर्षं टपाल वाटलं. मृत्यूची खबर देणारं, कोपरा फाडलेलं कार्ड लोक घरात ठेवत नसत. सांत्वनाची पत्रं मागाहून यायची, ती बऱ्याच घरी मलाच वाचून दाखवावी लागायची. 'ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही' ऐकून कुणी हलत नसे. मखमलाबादला एका आजींना भावानं लिहिलं होतं, "दाजी माझ्या ताटातली मिरची उचलून आपल्या ताटात घ्यायचे." तिथे आजींनी हंबरडा फोडला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तेवढं परत वाच रे."

गोदाकाठ:
दादा, वाचताना मीच रडले. तिचे बाबा क्लास सुटायच्या वेळी सीबीएस बसस्थानकावर उभे असायचे. पाऊस असला की तिची सॅक स्वतःच्या रेनकोटच्या आत धरायचे आणि तसेच, पोट पुढे काढून, गाडी चालवायचे. चौथा कागद घेतलाय. सुरुवात सॅकपासून करते.